कमांड प्रॉम्प्टवरून हार्ड डिस्क डीफ्रॅग कशी करायची? आणि त्याआधी काय तपासायचं?

तुमच्यापैकी बहुतेकांचं सगळं काम मोबाईलवर होतं. पण घरात नाहीतर दुकानात एक जुना कॉम्प्युटर असतोच, आणि तो हळू झाला की घरातल्या सगळ्यात लहान माणसाला हाक येते. "तुला मोबाईलमधलं सगळं कळतं ना, मग हे बघ जरा."

आमचं गाव जेऊर, तालुका करमाळा, जिल्हा सोलापूर. पुणे-सोलापूर लाईनवर आमचं स्टेशन आहे आणि गावात तात्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं, कृषी सेवा केंद्र आहे. उजनीच्या बॅकवॉटरवरचा ऊस आणि केळी यांच्या हंगामावर दुकान चालतं, आणि दुकान उधारीवर चालतं. ही उधारी ज्या डेस्कटॉपवर आहे, त्याचा मी बिनपगारी इंजिनिअर आहे. तात्यांची तक्रार ठरलेली असते, "लई हळू चालायलंय रे हे."

या लेखात डीफ्रॅग म्हणजे काय, कमांड प्रॉम्प्टवरून ते कसं करायचं आणि कधी अजिबात करायचं नाही, हे क्रमाने सांगतो. तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. तो न कळल्यामुळे मी एकदा एक डिस्क घालवली आहे. ती गोष्ट पुढे येईलच.

फाइलचे तुकडे होतात म्हणजे काय?

गावाकडच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे, कारण "तुकडे" हा शब्द आपल्याकडे जमिनीच्या संदर्भात रोजचा आहे. आजोबांच्या नावावर एक तुकडा ओढ्याकाठी, एक रस्त्यापलीकडे, एक स्टेशनजवळ. सातबाऱ्यावर बेरीज चांगली दिसते, पण एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्यातच अर्धा दिवस जातो. म्हणून आपल्याकडे 1947 मध्ये तुकडेबंदी आणि जमीन एकत्रीकरणाचा कायदा झाला. एकत्रीकरण योजनेत विखुरलेले तुकडे अदलाबदल करून शक्य तितके एका जागी आणले गेले आणि त्यातून गट नंबर आले.

डीफ्रॅग म्हणजे डिस्कवरची एकत्रीकरण योजना.

विंडोज डिस्कची जागा छोट्या छोट्या घरांमध्ये वाटतं. या घराला क्लस्टर म्हणतात. नेहमीच्या एनटीएफएस डिस्कवर एक क्लस्टर 4 केबीचा असतो. म्हणजे 500 जीबीच्या डिस्कवर साधारण 12 कोटी क्लस्टर. कोणती फाइल कोणकोणत्या क्लस्टरमध्ये आहे, याची नोंद मास्टर फाइल टेबल नावाच्या यादीत असते. हे झालं डिस्कचं तलाठी दप्तर.

तात्यांच्या उधारीची फाइल घ्या. ती रोज थोडी वाढते. पहिल्या दिवशी तिला सलग जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारच्या जागेत कुणीतरी फोटो टाकले. मग वाढलेला भाग लांब कुठेतरी जातो. वर्षभर असं झालं की एकाच फाइलचे शेकडो तुकडे डिस्कभर पसरतात. फाइल बिघडलेली नसते, दप्तरात नोंद बरोबर असते. फक्त ती वाचायला डिस्कला जास्त फिरावं लागतं. रोज थोड्या थोड्या वाढणाऱ्या फाइल आणि जवळजवळ भरलेली डिस्क, या दोन ठिकाणी तुकडे सगळ्यात जास्त होतात.

तुकड्यांमुळे वेळ का जातो?

हार्ड डिस्कच्या आत खरोखरच्या तबकड्या फिरत असतात. डेस्कटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला 7200 फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 8.3 मिलिसेकंद. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद लागतात. शिवाय वाचणारं डोकं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकायला साधारण 9 मिलिसेकंद. म्हणजे प्रत्येक नवीन तुकड्यामागे सुमारे 13 मिलिसेकंद.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. आता हिशेब करा. डिस्क सेकंदाला 100 एमबी वाचते असं धरलं, तर 100 एमबीची सलग फाइल 1 सेकंदात वाचून होते. त्याच फाइलचे 1000 तुकडे असतील तर वरून 13 सेकंद. बऱ्याच लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला 5400 फेरेच घेते, तिथे आणखी वेळ जातो.

एसएसडी आणि मोबाईलचं काय?

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. सगळं चिपमध्ये. कुठल्याही क्लस्टरपर्यंत पोचायला जवळजवळ सारखाच वेळ लागतो, आणि तो मिलिसेकंदाच्याही छोट्या भागात मोजावा लागतो. त्यामुळे तुकडे जुळवून हातात फारसं काही पडत नाही. उलट नुकसान होतं. एसएसडीच्या चिपवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते आणि डीफ्रॅग म्हणजे जीबीच्या जीबी माहिती विनाकारण पुन्हा लिहिणं.

एसएसडीला हवं असतं ते ट्रिम. तुम्ही फाइल डिलीट केली की विंडोज एसएसडीला कळवतं की ही जागा आता मोकळी धर. या कळवण्याला ट्रिम म्हणतात.

तुमच्या मोबाईलमधलं स्टोरेजही चिपचंच असतं. मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्हचंही तसंच. म्हणून "मोबाईल डीफ्रॅग करा, स्पीड वाढवा" असं सांगणारं कुठलंही ॲप टाकू नका. अँड्रॉइड ट्रिमचं काम स्वतः करतं. मोबाईल हळू झाला असेल तर थोडी जागा मोकळी करा, न लागणारी ॲप काढा. तेवढं बस.

टाइप करण्याआधी एक सूचना

या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. कॉम्प्युटरवर त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या. डीफ्रॅगचं स्पेलिंग डी, ई, एफ, आर, ए, जी. "सी:" म्हणजे इंग्रजी सी आणि लगेच कोलन, मध्ये जागा नाही. त्यानंतर एक स्पेस आणि मग स्लॅश. स्लॅश म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरपी रेघ. स्लॅश आणि त्याच्या पुढचं अक्षर यांच्यामध्ये जागा सोडायची नाही. अक्षर कॅपिटल असो वा स्मॉल, फरक पडत नाही.

पायरी 1: डिस्क कोणती आहे ते बघा

स्टार्ट उघडा, पॉवरशेल शोधा, राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा आणि ही कमांड द्या:

गेट-फिजिकलडिस्क

गेट, मग डॅश, मग फिजिकल आणि डिस्क हे दोन शब्द एकत्र. एंटर दाबलं की छोटा तक्ता येतो. त्यात मीडियाटाइप नावाचा रकाना असतो. तिथे एचडीडी लिहिलं असेल तर पुढे वाचा. एसएसडी असेल तर डीफ्रॅगचा विषय तिथेच संपला. तुमच्यासाठी ट्रिमचा भाग खाली आहे.

तिथे "अनस्पेसिफाइड" आलं तर विंडोजला डिस्कचा प्रकार ओळखता आलेला नाही. मग डिस्कचा मॉडेल नंबर बघून इंटरनेटवर शोधा. अंदाजाने पुढे जाऊ नका.

पायरी 2: डिस्क आजारी तर नाही ना?

आता माझी गोष्ट. 2019 ची दिवाळी. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि आपल्याला सगळं येतं असं वाटण्याचं ते वय. तात्यांचा कॉम्प्युटर उघडायलाच दहा मिनिटं घ्यायचा. चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "आतून टक-टक आवाज यायलाय." मी आवाजाकडे लक्षच दिलं नाही. "तुकडे झालेत, डीफ्रॅग लाव आणि झोप" असं सांगून मोकळा झालो.

सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही.

टक-टक आवाज म्हणजे डिस्क मरणाला टेकल्याची खूण होती. कॉम्प्युटर हळू झाला होता तो तुकड्यांमुळे नाही, तर डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती म्हणून. अशा डिस्कवर मी रात्रभर वाचण्या-लिहिण्याचं सगळ्यात जड काम लावलं होतं. धाप लागलेल्या माणसाला टेकडीवर पळायला लावण्यासारखं. उधारी वाचली, कारण तात्यांनी कॉम्प्युटर आल्यावरही लाल वही सोडली नव्हती. पण आजीचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो फक्त त्या डिस्कवर होते. ते गेले. तात्या मला काहीही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून आधी तब्येत तपासा, मग डीफ्रॅग. या खुणा दिसल्या तर डीफ्रॅग करूच नका:

- डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येतो.
- फाइल कॉपी करताना मध्येच अडकते, किंवा वाचता येत नाही असा संदेश येतो.
- फाइलची किंवा फोल्डरची नावं विचित्र चिन्हांत दिसतात.
- कॉम्प्युटर वारंवार गोठतो आणि डिस्कचा दिवा लागलेलाच राहतो.

गेट-फिजिकलडिस्कच्या तक्त्यात हेल्थस्टेटस हाही रकाना असतो. तिथे "हेल्दी" नसून "वॉर्निंग" किंवा "अनहेल्दी" असेल तर थांबा. मात्र तिथे हेल्दी आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. जास्त बारकाईने बघायचं तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेल्या नोंदी दाखवतं. "गुड" निळ्यात, "कॉशन" पिवळ्यात, "बॅड" लाल रंगात. त्यातल्या रीॲलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर या तीन ओळींवर नजर ठेवा. हे आकडे वाढत असतील तर डिस्क बदलायची वेळ आली.

फाइलव्यवस्था नीट आहे का, हे बघायला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही कमांड:

सीएचकेडीएसके सी: /स्कॅन

विंडोज 8 पासून ही तपासणी कॉम्प्युटर चालू असतानाच होते. यात दोष सापडला तर पहिलं काम बॅकअप, दुरुस्ती त्यानंतर.

पायरी 3: बॅकअप घ्या

डिस्क ठणठणीत असली तरी ही पायरी गाळायची नाही. फोटो, हिशेब, सातबारा आणि मार्कशीटचे स्कॅन एका बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर कॉपी करा आणि त्यातल्या दोन-चार फाइल उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप समजायचा नाही. आणि त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर ठेवलेली प्रत मोजू नका. सी आणि डी ही एकाच वावरातली दोन वाफे आहेत. पूर आला तर दोन्ही जातात.

पायरी 4: जागा मोकळी करा

डीफ्रॅगला तुकडे हलवायला मोकळी जागा लागते. किमान 15 टक्के जागा रिकामी असेल तरच काम पूर्ण होतं. त्याहून कमी असेल तर अर्धवट होतं. रीसायकल बिन रिकामं करा, डाउनलोड फोल्डरमधले जुने सेटअप आणि सिनेमे काढा, डिस्क क्लीनअप चालवा. आधी सफाई, मग डीफ्रॅग, हाच क्रम. उलटं केलं तर जे टाकायचं तेच आधी नीट रचून ठेवल्यासारखं होईल.

पायरी 5: फक्त तपासणी

स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा. हे केलं नाही तर पुरेसे अधिकार नाहीत असा संदेश येऊन कमांड थांबते. मग:

डीफ्रॅग सी: /ए /व्ही

"ए" म्हणजे ॲनालाइझ, फक्त बघ, काही हलवू नकोस. "व्ही" म्हणजे सविस्तर अहवाल. काही मिनिटांत अहवाल येतो. या दिवाळीत तात्यांच्या नवीन डिस्कवर आलेल्या अहवालाचा सारांश असा होता: सी ड्राइव्हचा आकार 195 जीबी, मोकळी जागा 61 जीबी, तुकड्यांचं प्रमाण 19 टक्के, आणि शेवटी "हा ड्राइव्ह डीफ्रॅग करावा" असा सल्ला. म्हणजे मोकळी जागा 31 टक्के, अटीपेक्षा दुप्पट. पुढे जायला हरकत नाही.

अहवालात आणखी एक ओळ असते. 64 एमबीपेक्षा मोठे तुकडे या मोजणीत धरलेले नाहीत. हे का? सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने 64 एमबी वाचायला 640 मिलिसेकंद लागतात. त्यात तुकडा बदलण्याचे 13 मिलिसेकंद म्हणजे फक्त 2 टक्के. एवढ्यासाठी तो मोठा तुकडा हलवणं परवडत नाही. चार एकराचा तुकडा वेगळा असला तरी कसता येतो, चार गुंठ्यांचे वीस तुकडे कसता येत नाहीत.

अहवालात प्रमाण एक-दोन टक्के असेल आणि "गरज नाही" असं लिहिलं असेल तर विश्वास ठेवा. तुमचा कॉम्प्युटर हळू असण्याचं कारण दुसरीकडे आहे. बहुतेक वेळा कमी रॅम, नाहीतर कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडणारी दहा सॉफ्टवेअर.

पायरी 6: प्रत्यक्ष डीफ्रॅग

सुरू करण्याआधी मोबाईलचं स्टॉपवॉच काढा आणि रोजचं एखादं सॉफ्टवेअर उघडायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. नंतर फरक पडला का, हे अंदाजाने नाही तर आकड्याने कळेल. मग उघडी सॉफ्टवेअर बंद करा आणि ही कमांड द्या:

डीफ्रॅग सी: /ओ /यू /व्ही

इथे "ओ" हे अक्षर आहे, शून्य नाही. याचा अर्थ डिस्कच्या प्रकाराप्रमाणे योग्य ते कर. हार्ड डिस्क असेल तर डीफ्रॅग होतं, एसएसडी असेल तर ट्रिम. चुकून दुसऱ्या डिस्कवर कमांड दिली तरी नुकसान टळावं म्हणून मी नेहमी हाच स्विच वापरतो. "यू"मुळे काम किती टक्के झालं ते स्क्रीनवर दिसत राहतं.

किती वेळ लागेल? डिस्क किती भरली आहे आणि किती विखुरली आहे त्यावर. एका तासापासून अख्ख्या रात्रीपर्यंत काहीही. टक्के मध्येच पुन्हा शून्यापासून सुरू होतात, कारण काम अनेक फेऱ्यांमध्ये चालतं. घाबरू नका. थांबवायचं असेल तर कंट्रोल आणि सी एकत्र दाबा. तोपर्यंत जुळवलेलं वाया जात नाही.

कामाला येणारे स्विच

- /ए : फक्त तपासणी.
- /ओ : डिस्कच्या प्रकाराप्रमाणे योग्य काम. विंडोज 8 आणि पुढे.
- /एल : फक्त ट्रिम, एसएसडीसाठी. हाही विंडोज 8 आणि पुढे.
- /एक्स : मोकळी जागा एकत्र करणं.
- /सी : सगळे ड्राइव्ह.
- /ई : सांगितलेले सोडून बाकीचे ड्राइव्ह.
- /एच : कामाला नेहमीचं प्राधान्य. हा स्विच दिला नाही तर डीफ्रॅग मागच्या बाकावर बसून हळू चालतं.
- /टी : आधीपासून चालू असलेलं काम कुठवर आलं ते दाखवणं.
- /यू आणि /व्ही : प्रगती आणि सविस्तर अहवाल.

विंडोज 7 मध्ये /ओ नाही. तिथे "डीफ्रॅग सी: /यू /व्ही" द्यायचं, आणि डिस्क हार्ड डिस्कच आहे याची खात्री आपण करायची.

मध्येच लाईट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. विंडोज तुकडा हलवताना आधी नवीन जागेवर त्याची प्रत करतं, मग दप्तरातली नोंद बदलतं आणि शेवटी जुनी जागा मोकळी करतं. म्हणजे नवीन घर बांधून झाल्याशिवाय जुनं पाडत नाही. शिवाय एनटीएफएस नोंदींच्या बदलांची वेगळी डायरी ठेवतं. त्यामुळे लाईट गेली म्हणून फाइल गायब, असं सहसा होत नाही. तरीही फिरत्या डिस्कचा वीजपुरवठा अचानक तुटणं तिला मानवत नाही. लाईटचं वेळापत्रक बघून सुरुवात करा, यूपीएस असेल तर उत्तम. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच बसा.

विंडोज हे आपोआप करत नाही का?

करतं. विंडोज व्हिस्टापासून दर आठवड्याच्या डीफ्रॅगची सोय आहे. आताच्या विंडोजमध्ये ते देखभालीच्या कामांत येतं आणि त्याची ठरलेली वेळ रात्री 2 वाजता असते. कॉम्प्युटर बंद असेल तर पुढे तो चालू असूनही रिकामा बसलेला असेल तेव्हा ते काम होतं.

आता दुकानाचा विचार करा. शटर पाडताना तात्या मेन स्विच बंद करतात. सकाळी कॉम्प्युटर सुरू होतो तो गिऱ्हाईक समोर उभं असताना. दुपारी लाईट नसते. म्हणजे कॉम्प्युटर चालू आहे आणि रिकामाही आहे, अशी वेळ येतच नाही. आपोआप होणारं काम महिनोन् महिने होत नाही, आणि विंडोज तक्रारही करत नाही. म्हणून गावाकडच्या कॉम्प्युटरवर हाताने डीफ्रॅग करण्याला अजूनही अर्थ आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा /ए लावून बघा, गरज असेल तरच पुढे जा.

एसएसडीवाल्यांसाठी

ट्रिम चालू आहे का ते या कमांडने कळतं:

एफएसयूटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय

शेवटचा शब्द एकत्र लिहायचा. उत्तर शून्य आलं तर ट्रिम चालू आहे. नाव "बंद आहे का" असं असल्यामुळे शून्य म्हणजे चांगलं. हाताने ट्रिम करायचं असेल तर "डीफ्रॅग सी: /एल".

लिनक्सवर

उबंटूसारख्या लिनक्समध्ये बहुतेक वेळा ईएक्सटी4 ही फाइलव्यवस्था असते. ती फाइल लिहितानाच सलग जागा शोधते, त्यामुळे तुकडे कमी होतात. तरी बघायचं असेल तर टर्मिनलमध्ये "सुडो ई4डीफ्रॅग -सी /होम" ही कमांड द्या. शेवटी गुण येतात. 0 ते 30 म्हणजे काही करायची गरज नाही, 31 ते 55 थोडे तुकडे, 56 आणि पुढे असेल तर डीफ्रॅग करा. तेव्हा तीच कमांड "-सी" काढून द्यायची.

थोडा इतिहास

मायक्रोसॉफ्टने डीफ्रॅग ही कमांड 1993 मध्ये एमएस-डॉस 6 बरोबर दिली. तो प्रोग्राम सिमँटेक कंपनीकडून घेतलेला होता. विंडोज 95 मध्ये तो रंगीत चौकोनांसह आला. ते चौकोन एकेक करून सरकताना बघत बसणं हा त्या काळचा टाइमपास होता. 2001 च्या विंडोज एक्सपीत कमांड प्रॉम्प्टवरून चालणारं डीफ्रॅग आलं. ज्यांनी एक्सपीवर कॉम्प्युटर शिकला त्यांना ॲक्सेसरीज, मग सिस्टिम टूल्स हा रस्ता आठवत असेल. व्हिस्टाने डिस्कचं रंगीत चित्र काढून टाकलं. 2012 मध्ये विंडोज 8 ने खिडकीचं नाव बदलून "ऑप्टिमाइझ ड्राइव्ह" केलं, कारण आता त्यात एसएसडीचं ट्रिमही होतं. कमांडचं नाव मात्र अजून डीफ्रॅगच आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*डीफ्रॅगने जागा वाढते का?* नाही. फाइल फक्त एका जागी येतात. सातबाऱ्यावरचं क्षेत्र तेवढंच राहतं.

*डिलीट झालेले फोटो परत मिळवायचे आहेत, आधी डीफ्रॅग करू का?* चुकूनही नको. डिलीट झालेली फाइल काही काळ मोकळ्या जागेत पडून असते. डीफ्रॅग त्याच जागेवर दुसऱ्या फाइल लिहितं. मग परत मिळण्याची आशा संपते.

*डीफ्रॅगनंतरही काही तुकडे का राहतात?* वापरात असलेल्या काही सिस्टिम फाइल विंडोजला हलवता येत नाहीत. शून्य टक्क्याच्या मागे लागू नका.

*दुसरं सॉफ्टवेअर विकत घ्यावं का?* घरगुती वापराला गरज नाही. विंडोजमधलंच पुरेसं आहे.

शेवटी

या दिवाळीत तात्यांच्या कॉम्प्युटरवर वरच्या सगळ्या पायऱ्या मी याच क्रमाने केल्या. मीडियाटाइप एचडीडी. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये गुड. उधारीचा बॅकअप दोन ठिकाणी. मग रात्री दुकानात बसून डीफ्रॅग. उधारीचं सॉफ्टवेअर उघडायला आधी 1 मिनिट 50 सेकंद लागत होते, नंतर 1 मिनिट 10 सेकंद. जादू झाली नाही, पण समोर गिऱ्हाईक उभं असताना 40 सेकंद खूप असतात. खरा फरक पडायचा असेल तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं हाच उपाय. तात्या म्हणाले, "ऊस जाऊ दे, मग बघू." तोपर्यंत डीफ्रॅगवर भागेल.

लाल वही अजून गल्ल्याशेजारी आहे. पूर्वी मी तिला हसायचो, आता हसत नाही. तुमच्या घरातल्या डिस्कवर आज्जी-आजोबांचे फोटो असतील आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नसेल, तर आज डीफ्रॅग राहू द्या. आधी ती प्रत करा. तुकडे उद्याही जुळवता येतील.